लाल टोपण, केशरी टोपण

ठाण्यात नौपाड्यातल्या एका मेडिकलमध्ये संध्याकाळची गर्दी होती. माझ्या पुढच्या काकूंनी चिठ्ठी सरकवली. "इन्सुलिनची बाटली, नि सुयांचं पाकीट. नेहमीचं." फार्मासिस्ट मुलीने फ्रिजमधून बाटली काढली, पण सुया काही काढेना. "काकू, घरी सुया कुठल्या टोपणाच्या आहेत? लाल की केशरी?"

मागे कुणीतरी घड्याळ बघत चुकचुकलं. प्रश्न मात्र जिवाशी गाठ असलेला होता.

इन्सुलिन युनिटमध्ये मोजतात. आपल्याकडच्या साध्या बाटलीत एका मिलीलिटरला ४० युनिट असतात. नव्या प्रकारच्या बऱ्याच इन्सुलिनमध्ये आणि इन्सुलिन टोचायच्या पेनमध्ये १००. म्हणून सिरिंजही दोन: ४० ची लाल टोपणाची, १०० ची केशरी. अमेरिकेत १९७० च्या दशकात १०० चं प्रमाण आलं आणि ४० मागे पडलं. आपल्याकडे दोन्ही एकाच फ्रिजमध्ये नांदतात.

काकूंची बाटली डॉक्टरांनी या वेळी बदलली होती, १०० ची. डोस १६ युनिट. घरच्या लाल सिरिंजमध्ये १६ च्या रेघेपर्यंत औषध ओढलं तर येतं ०.४ मिलीलिटर. जुन्या बाटलीतलं असेल तर ते बरोबर १६ युनिट. नव्या बाटलीतलं असेल तर ४०. अडीच पट! हात तोच, रेघ तीच. मग साखर धाडकन उतरते: दरदरून घाम, थरथर, बोलणं अडखळणं, आणि वेळेत काही गोड पोटात गेलं नाही तर शुद्ध हरपते. उलट अदलाबदल झाली तर शरीरात जेमतेम ४० टक्के डोस जातो, साखर चढीच राहते आणि घरचे भाताला दोष देत बसतात.

चिठ्ठीत काहीच चूक नव्हती. पण काकूंच्या कपाटातलं पाकीट डॉक्टरांना कुठून दिसणार? तापाच्या गोळीचंही तसंच. पॅरासिटामॉलची ६५० मिलीग्रॅमची चालू असताना सर्दीची गोळी घेतली, तर तिच्यातही बहुधा पॅरासिटामॉल असतं. मोठ्या माणसाला दिवसाला ४ ग्रॅमची मर्यादा. पुढे यकृतावर बेततं.

रुग्णाला औषध समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं काम २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत लिहिलेलंच आहे. पण काही दुकानांत भिंतीवरच्या फार्मासिस्टच्या सर्टिफिकेटवरच्या फोटोतला माणूस मी आजवर काउंटरवर पाहिलेला नाही.

इथे मुलीने केशरी टोपणाचं पाकीट काढलं आणि बाटलीच्या खोक्यावर मार्करने ठळक '१००' लिहिलं. काकूंना हिशोब पटला, पण जीव अडकला होता दुसरीकडेच. "घरी लाल सुयांचं अर्धं पाकीट आहे गं. परत घेशील?"

"फोडलेलं नाही घेता येत, काकू. पण आज घरी गेल्या गेल्या ते कपाटातून बाहेर काढा."