पार्श्वभूमी : एक घर, दोन पीसी आणि ‘ॲप्लिकेशन डेटा’चा घोळ

मी पाहिलेल्या घरांत दुसरा पीसी आला तो धंद्यापायी. खाली आडत किंवा दुकान, वर राहणं. खालच्या मशीनवर हिशेब, वरच्यावर पोरांचे गेम. 2003-04 च्या सुमारास जळगाव, भुसावळ, सावदा भागात अशा घरांत मी वायरी ओढल्या. जिन्यातून केबल सोडायची, दोन्ही टोकांना जॅक क्रिंप करायचे, हबचा (मशीनं एकमेकांना जोडणाऱ्या डब्याचा) खर्च नको असेल तर एका टोकाला हिरव्या-नारिंगी जोड्यांची अदलाबदल करून क्रॉस केबल बनवायची. शेठ विचारायचे, “आता खालचं टॅली वर दिसेल ना?” दिसायचं. कधी नाहीच दिसलं, तर एका मशीनवर विंडोज एक्सपीची ‘होम’ आवृत्ती असायची; तिच्या वर्कग्रुपचं, म्हणजे नेटवर्कवरच्या मशीनांच्या गटाचं, नाव आपोआप ‘एमएसहोम’ पडायचं आणि दुसऱ्याचं नुसतं ‘वर्कग्रुप’. नावं सारखी केली की काम भागायचं.

या देवाणघेवाणीमागची एसएमबी पद्धत मुळात 1983 च्या सुमाराची, ऑफिसांसाठी बनलेली. विंडोज 95 सोबत ती घरात शिरली. त्याच विंडोजमध्ये ‘ब्रीफकेस’ही होती: फाइलच्या दोन प्रती ताडून जुनी बदलणारी. आमच्याकडे ती कुणी वापरलेली मी पाहिली नाही.

हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं एक बरं होतं. डेटाचा फोल्डर कुठे ठेवायचा हे ते विचारत असे, म्हणून तो शेअर करता येई. धोका होता लोडशेडिंगचा. सावद्याच्या एका आडतीत केळीच्या पट्ट्यांची (विक्रीच्या पावत्यांची) एंट्री वरून चालू असताना लाइट गेली, खालच्या मशीनला यूपीएस नव्हता, आणि सकाळी टॅलीतली ‘कंपनी’, म्हणजे हिशेबाची वही, उघडेना. कंट्रोल-आल्ट-आर दाबून रीराइट (बिघडलेला डेटा पुन्हा लिहून काढणारी टॅलीची सोय) चालवलं आणि टक्के चढताना आम्ही चौघं श्वास रोखून बघत बसलो. त्या दिवशी निभावलं.

मेल, बुकमार्क, सेटिंग दोन्ही मशीनवर सारखी ठेवणं मात्र काही केल्या जमत नसे. एक्सपीत प्रत्येक यूजरच्या नावाखाली ‘ॲप्लिकेशन डेटा’ नावाचा लपवलेला फोल्डर असे, आणि ‘लोकल सेटिंग्ज’च्या पोटात त्याच नावाचा आणखी एक. पहिला ऑफिसच्या सर्व्हरवरून यूजरमागे या मशीनवरून त्या मशीनवर फिरावा म्हणून होता. दुसरा जागेवरच राहायचा. आउटलुक एक्सप्रेसचा मेल दुसऱ्यात पडे. त्यामुळे पहिला उचलून नेणाऱ्याच्या हाती बाकी बरंच काही येई, पण मेल नाही. एकाच नावाच्या दोन खोल्या ठेवायच्या आणि किल्ली एकीचीच द्यायची, असा हा कारभार.

2007 मध्ये व्हिस्टा आलं तेव्हा नाव ‘ॲपडेटा’ झालं आणि आत रोमिंग (तो पहिला, फिरता), लोकल (तो दुसरा, जागेवरचा) आणि लोकललो असे तीन भाग पडले. जुने प्रोग्राम अडू नयेत म्हणून ‘ॲप्लिकेशन डेटा’ ही पाटी ठेवली, पण तो फोल्डर नव्हे, नव्या जागेकडे वळवणारा जंक्शन. त्यावर क्लिक केलं की ‘ॲक्सेस डिनाइड’. लोकांना वाटायचं व्हायरस आला. खरं तर ही मनाई मुद्दाम होती: ‘लोकल’मधला त्याच नावाचा जंक्शन पुन्हा ‘लोकल’कडेच नेत असल्याने यादी काढत जाणारा प्रोग्राम गोल फिरत राहिला असता. रोबोकॉपी या विंडोजच्या फाइली नकलणाऱ्या कमांडला जंक्शन वगळणारा ‘एक्सजे’ हा स्विच न देता नेटवर्कवर बॅकअप घ्यायला गेलो, तर कधी कधी तेच व्हायचं. ‘ॲप्लिकेशन डेटा’त ‘ॲप्लिकेशन डेटा’, त्यात पुन्हा तोच, असा जिना मी एका ग्राहकाच्या डिस्कवर उतरलोय.

व्यवस्था नीटनेटकी होती हे मान्य. पण होम आवृत्ती डोमेनला, म्हणजे ऑफिसच्या सर्व्हरच्या ताब्यातल्या नेटवर्कला, जोडताच येत नाही, म्हणजे ‘रोमिंग’ लिहिलेला तो फोल्डर घरातून कधी कुठे रोम झालाच नाही. यात घरगुती माणसाचा विचार केला गेला नाही, असं माझं ठाम मत आहे. 2009 च्या विंडोज 7 ने घरातल्या मशीनांत वाटून घेण्यासाठी होमग्रुप दिला, त्यातही फोटो, गाणी, व्हिडिओ, डॉक्युमेंट आणि प्रिंटर. ॲपडेटा नाहीच. 2018 मध्ये विंडोज 10 मधून होमग्रुपही काढून टाकला.

तोवर डेटाची जातही बदलली होती. फायरफॉक्सचे बुकमार्क आधी साध्या एचटीएमएल फाइलमध्ये असत, पेनड्राइव्हवर नेता यायचे. 2008 च्या तिसऱ्या आवृत्तीपासून ते एसक्यूलाइट या एका फाइलीत मावणाऱ्या डेटाबेसमध्ये गेले. 2010 मध्ये त्या डेटाबेसला ‘वॉल’ ही बदल आधी वेगळ्या फाइलीत लिहिण्याची नवी पद्धत आली. ती वापरणारे सगळे प्रोग्राम एकाच मशीनवर असावे लागतात. अशी फाइल शेअर केलेल्या फोल्डरमध्ये ठेवून दोन्हीकडून उघडणं म्हणजे ती बिघडण्याची वाट बघणं. ब्राउझरांनी स्वतःचंच सिंक (इंटरनेटवरून दोन्हीकडे सारखं ठेवणं) आणलं; फायरफॉक्समध्ये ते 2011 ला चौथ्या आवृत्तीसोबत आलं. एका भिंतीपलीकडच्या मशीनसाठी बुकमार्क इंटरनेटवरून फिरून येऊ लागले.

मे 2017 मध्ये वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतल्या फटीतून मशीनी धरल्या. त्याच वर्षीच्या विंडोज 10 च्या शरद ऋतूतल्या अपडेटपासून नव्या इन्स्टॉलमधून ती आवृत्ती हळूहळू काढून टाकली जाऊ लागली. एक्सपीला एसएमबीची दुसरी आवृत्ती येत नाही, आणि खालच्या मशीनवर एक्सपीच होतं. वर नवा पीसी घेतलेल्या शेठचा फोन आला, “खालचं मशीन दिसत नाही.” केबल तीच होती, मीच क्रिंप केलेली.