तारखेत दिवस-महिना उलटा पडतोय? दुरुस्तीला हात घालायच्या आधी हे वाचा

बेदाण्याचा सीझन सुरू झाला की सांगली-तासगावकडून हाच फोन येतो, आवक ५ एप्रिलला टाकली आणि रिपोर्टला ४ मे दिसतंय, स्टोरेजचं भाडं महिन्यानं कमी लागतंय. आमचं सॉफ्टवेअर वापरणारे आणि दुसरीकडं बनवून घेऊन देखभालीला आमच्याकडं आलेले, दोघांसाठीही हे लिहितोय.

पहिलं म्हणजे उलट्या तारखा दिसल्या की एकेक एंट्री हातानं नीट करत बसू नका. बरेच जण फोन करायच्या आधी निम्म्या एंट्र्या सुधारून ठेवतात आणि तिथंच सगळा वेळ जातो, कारण मग ०४/०५ बघून ती खरंच ४ मेची आहे, उलटी पडलेली आहे का तुमच्या ऑपरेटरनं सुलटी केलेली आहे हे कुणालाच कळत नाही. हात न लावलेला डेटा असला तर बिघाड सुरू झाल्यापासूनच्या तारखा एकदम फिरवता येतात, अर्धवट सुधारलेला असला की एकेक पावती काढून जुळवावी लागते.

हे लवकर लक्षात येत नाही त्याचं कारण असं की १३ पासून पुढचे दिवस महिना म्हणून चालतच नाहीत, म्हणून तिथं एरर तरी येते. पण वर्षात १३२ तारखा अशा आहेत की त्या गपचूप उलटतात. ४ मार्चचं बिल ३ एप्रिलला गेलं की आर्थिक वर्षच बदललं, जीएसटीला ते भलत्याच महिन्यात दिसणार.

तपासायचं असेल तर बॅकअप घ्या आणि दोन टेस्ट एंट्र्या करा, एक ५ तारखेची, एक २५ ची. ५ ची उलटली आणि २५ ची कोरी गेली किंवा एरर आली तर कोड तारीख वाचतानाच चुकतोय. दोन्ही नीट सेव्ह झाल्या आणि २५ एप्रिल नुसतं ०४/२५ असं दिसतंय, तर बहुतेक दाखवण्याचाच प्रश्न आहे, डेटा शाबूत आहे.

पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेल्या जुन्या सॉफ्टवेअरला एक खोड हमखास सापडते. स्ट्रटोटाइम हे तारीख वाचणारं फंक्शन ०५/०४/२०२५ मधे स्लॅश बघून अमेरिकन पद्धतीनं महिना आधी धरतं, आणि तीच तारीख ०५-०४-२०२५ अशी डॅशनं लिहिली तर दिवस आधी धरतं, म्हणजे एकाच स्क्रीनवर एका ऑपरेटरचं बरोबर येतं आणि दुसऱ्याचं चुकतं आणि उगाच त्या पोराला बोलणी बसतात. जावास्क्रिप्ट या भाषेत तारीख बनवणाऱ्या न्यू डेटला स्लॅशची तारीख दिली तरी महिनाच आधी.

एक्सेलचंही बघा. विंडोजचा रीजन अमेरिकेचा असेल तर सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळी केलेली साधी डेटा फाइल) उघडल्यावर १२ पर्यंतच्या तारखा उलट्या होऊन उजवीकडं सरकतात, १३ पासूनच्या मजकूर म्हणून डावीकडं राहतात. कॉलम असा दोन बाजूंना फाटलेला दिसला की ती फाइल अपलोड करू नका, रीजन इंग्लिश इंडिया करा आणि मूळ सीएसव्ही परत उघडा.

काही ग्राहक म्हणतात तुमच्या स्क्रीनवर तारीख टाइप का करू देत नाही, कॅलेंडरमधनं निवडायला वेळ जातो. जातो थोडा. पण आम्ही महिना अक्षरात दाखवतो आणि आत वर्ष-महिना-दिवस असंच साठवतो ते याचसाठी, आणि ते बदलणार नाही. दुसऱ्यांनी बनवलेलं सॉफ्टवेअर वार्षिक देखभालीला घेताना तारीख घेणारी प्रत्येक जागा आधी तपासून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

फोन करताना हात न लावलेला बॅकअप, एका चुकलेल्या पावतीचा फोटो आणि साधारण कधीपासून चुकतंय तेवढं तयार ठेवा.