फायटरच्या टाकीची फेरमांडणी

दुकानात फायटर मासा इवल्याशा बाटलीत ठेवलेला दिसतो. त्यामुळे घरीही तो बरणीत मजेत राहील, अशी समजूत पसरली आहे. तो तग धरतो हे खरं, पण तग कशाच्या जोरावर धरतो ते कळलं की टाकीची मांडणी कुठून बदलायची तेही कळतं.

फायटर, म्हणजे बेटा स्प्लेंडेन्स, मूळचा थायलंड आणि आसपासच्या भागातला. भातखाचरं, दलदल, संथ ओहोळ ही त्याची वस्ती. अशा कोमट, झाडोऱ्यानं भरलेल्या पाण्यात प्राणवायू बऱ्याचदा कमी पडतो. म्हणून याच्या कल्ल्यांच्या वरच्या पोकळीत घड्याघड्यांचं एक इंद्रिय असतं, त्याला लॅबिरिंथ म्हणतात. मासा वर येऊन हवेचा घोट घेतो आणि त्यातला प्राणवायू या घड्यांमधल्या रक्तवाहिन्या शोषून घेतात. आपली मरळ बाजारात पाण्याबाहेरही बराच वेळ जिवंत राहते, तीही साधारण अशाच सोयीमुळे.

तेव्हा उंच टाकीपेक्षा पसरट टाकी बरी, कारण त्याला दिवसभर वरखाली करावं लागतं. माणसानं निवडीनं वाढवलेले ते लांबलचक पर ओढत पोहणं आधीच कष्टाचं. पाणी पंधरा-वीस लिटर असावं, वर झाकण, आणि झाकणाखाली दोन-तीन बोटं मोकळी हवा. फिल्टर हवाच, पण मंद; जोरदार प्रवाहात हा मासा थकून कोपरा धरतो. पृष्ठभागाजवळ एखादं रुंद पान असलं तर त्यावर तो चक्क आडवा विसावतो.

प्लास्टिकची झाडं आणि बुडबुडे सोडणारा पाणबुड्या आपल्या हौसेसाठी असतात. ठेवायचेच असतील तर जुना नायलॉनचा मोजा त्यांच्यावरून फिरवून बघा. मोजा अडकला तर परही फाटणार.

देशी बदामाचं झाड मुंबईच्या रस्त्यांवर नि कोकणात जागोजाग दिसतं. त्याचं गळलेलं, वाळलेलं पान धुऊन टाकीत टाकलं की टॅनिन हे पानातलं तुरट द्रव्य उतरून पाणी कोऱ्या चहासारखं होतं. उजेड मंदावतो, मासा बुजत नाही. मात्र फवारणी झालेल्या किंवा धुरात उभ्या असलेल्या झाडाचं पान नको. हे पान सगळे रोग बरे करतं म्हणून विकतात, तो दावा जरा जास्तच. बोअरच्या जड पाण्याची आम्लता तर एका पानानं फारशी हलतही नाही.

काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसलं की नर कल्ले फुलवून भांडायला उठतो. पाहुण्यांना गंमत वाटते, माशाला प्रतिस्पर्धी खराच वाटतो. मागच्या काचेला गडद कागद लावा आणि रात्री दिवा बंद करा.

फेरमांडणीच्या उत्साहात टाकी घासून लख्ख करण्याचा मोह होतो, आणि घात तिथेच होतो. माशांच्या मलमूत्रातून सुटणारा विषारी अमोनिया काही जिवाणू नायट्राइटमध्ये आणि मग बऱ्याच कमी घातक नायट्रेटमध्ये बदलतात. त्यांचा मुक्काम फिल्टरच्या स्पंजात आणि तळाच्या खडीत असतो. नव्या टाकीत ते बस्तान बसवायला काही आठवडे घेतात. जुना स्पंज नळाखाली धरला तर क्लोरीननं ते मरतात, म्हणून तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळायचा. जुनी खडी थोडी तरी ठेवायची. आणि पाणी एका वेळी पावभागच बदलायचं.