कॅरिअरची बॅग घेताना आधी हूक बघा, कापड नंतर

दुकानात येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘भाऊ, वॉटरप्रूफ आहे ना?’ प्रश्न रास्त आहे, पण त्याचा नंबर तिसरा-चौथा लागायला हवा. कॅरिअरच्या बाजूला लटकणारी बॅग, म्हणजे पॅनिअर, कापडाच्या मधोमध क्वचितच फाटते. ती जाते हुकापाशी, नाहीतर हूक ज्या पट्टीवर बसवलेले असतात तिथे. दुरुस्तीला येणाऱ्या बॅगा बघून आमचं हे मत झालंय, म्हणून हे पत्रक हुकापासूनच सुरू करतो.

वरचे दोन हूक कॅरिअरच्या गजावर नुसते टेकणारे नकोत. गजाला खालून धरून लॉक होणारे हवेत आणि ते लॉक एका हाताने उघडता यायला हवं. गिअरच्या सायकलींच्या कॅरिअरचा गज साधारण ८ ते १६ मिलिमीटर जाडीचा असतो. चांगल्या हुकासोबत प्लॅस्टिकच्या लहान चकत्या येतात. गज बारीक असेल तर त्या आत बसवायच्या, म्हणजे हूक सैल राहत नाही. पुष्कळ जण या चकत्या खोक्यातच ठेवून खोकं फेकून देतात. मग रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला हूक गजावर आपटतो, गजाचा रंग जातो आणि काही महिन्यांत हुकाला तडा. खड्ड्यांबद्दल खान्देशात कुणाला वेगळं सांगायला नको!

हूक स्क्रूने बसवलेले आहेत की रिव्हेटने, हे बॅग उलटी करून बघा. स्क्रूचा हूक तुटला तर घरच्या घरी बदलता येतो. रिव्हेट असेल तर ड्रिलने काढावा लागतो आणि त्या भोकात नवा हूक पहिल्यासारखा बसेलच असं नाही. खालच्या बाजूलाही एक सरकता हूक किंवा ताणाचा पट्टा हवा, नाहीतर वळणावर बॅग बाहेर झोके घेते. पाठीमागचं पॅनेल दोन्ही हातांनी दाबून बघा. ते पातळ असेल तर भरलेली बॅग आत फुगून थेट स्पोकला लागते. अशी बॅग कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

आता कॅरिअर. ते किती वजन पेलतं हे बऱ्याचदा त्याच्यावरच कोरलेलं असतं. पुष्कळांवर २५ किलो दिसेल. हा आकडा दोन्ही बॅगा आणि वर बांधलेलं सामान मिळून आहे, एका बाजूचा नाही. सीटच्या दांडीला एकाच क्लॅम्पने आवळलेलं कॅरिअर असेल तर त्यावर पॅनिअर लावायचा विचार सोडा. ते थोडंच वजन घेतं आणि एका बाजूला फिरतं. मागे डिस्क ब्रेक असेल तर कॅरिअरही त्याला चालणारंच लागतं. जुन्या काळ्या सायकलीच्या लोखंडी कॅरिअरच्या ताकदीची काळजी नाही, पण त्याच्या चपट्या पट्टीवर गोल गजासाठी केलेले हूक नीट बसत नाहीत. तिथे दोन्ही बाजूंनी टाकायची, मधल्या पट्ट्यांनी जोडलेली कॅनव्हासची जोडबॅग बरी.

रोजच्या बाजाराला पूर्ण वॉटरप्रूफ बॅग घेऊ नका, असं आम्ही विकणारेच सांगतो तेव्हा लोकांना नवल वाटतं. पण मेथी, पोकळा, कांद्याची पात नेहमी ओली असते. वरून गुंडाळून हवाबंद केलेल्या बॅगेत, मे महिन्याच्या उन्हात, भाजी घरी पोचेपर्यंत उकडून निघते. बाजारासाठी उघड्या तोंडाची, सपाट आणि कडक तळाची, जाड कॅनव्हासची किंवा नायलॉनची बॅग उत्तम. भरताची वांगी तीत दबत नाहीत आणि दादर ज्वारीच्या दळणाचा डबा उभा राहतो. पावसाळ्यासाठी वरून घालायचं कव्हर वेगळं ठेवा.

लांबच्या सफरीचं गणित निराळं. जळगावहून अजिंठ्याच्या लेण्यांना जाणं साठेक किलोमीटरचं, ते एका बॅगेतही भागतं. पण शहाद्याकडून तोरणमाळ चढायचं, वर मुक्काम करायचा, तेही जुलै-ऑगस्टमध्ये, तर कपडे कोरडे राहायलाच हवेत. इथे पीव्हीसी किंवा टीपीयूचा लेप दिलेलं कापड, शिलाईऐवजी उष्णतेने चिकटवलेले जोड आणि निदान तीन वळ्या घालून बंद होणारं तोंड, अशी बॅग घ्या. चेन असलेल्या बॅगेत पाणी बहुधा चेनमधूनच शिरतं. मागच्या जोडीची साधारण ४० लिटर जागा दोन-तीन मुक्कामांना पुरते. त्याहून मोठी घेतली की माणूस ती भरतोच, आणि ते वजन सातपुड्याच्या चढावर ओढायचं त्यालाच असतं.

लेबलवरच्या ‘डेनिअर’ला भुलू नका. ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनिअर. आकडा मोठा म्हणजे धागा जाड, एवढंच कळतं. लेप कसा दिलाय, कोपरे दुहेरी आहेत का, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी बॅगेत मोबाइलचा टॉर्च सोडा आणि अंधाऱ्या कोपऱ्यात बाहेरून बघा. शिलाईच्या भोकांतून उजेड आला तर पाणीही येणार.

भरताना जड वस्तू तळाशी आणि चाकाच्या बाजूला, दोन्हीकडे वजन जवळपास सारखं. सफरीआधी कॅरिअरचे स्क्रू आवळा. बहुतेक ठिकाणी ते एम-५ मापाचे असतात आणि त्यांना ४ मिलिमीटरची ॲलन की, म्हणजे षट्कोनी चावी, लागते. ती आणि दोन जादा स्क्रू सोबत असू द्या.

काळ्या मातीचा चिखल सुकायच्या आत साध्या पाण्याने धुवा. सुकला की हुकाच्या खाचेत सिमेंटासारखा बसतो. धुतलेली बॅग सावलीत वाळवा. आपल्याकडचं ४५ अंशांपर्यंत जाणारं ऊन कापड कमकुवत करतं, आणि ओलसर घडी घालून ठेवली तर आतला लेप चिकट होऊन त्याचे पापुद्रे सुटतात. सुकी लाल मिरची नेलीत तर मात्र ती बॅग कपड्यांसाठी पुन्हा वापरण्याआधी दोनदा धुवा.

लहान फाटलं तर ताडपत्रीला ठिगळ लावणारा किंवा सीटकव्हर शिवणारा कारागीर काम करून देतो. चिकटवलेल्या जोडाच्या बॅगेवर सुई मात्र चालवू देऊ नका, तिथे आतून चिकटवायचं ठिगळच हवं.

बॅग घ्यायला येताना सायकल घेऊन या. पॅडल मारताना टाच बॅगेला लागते का, हे फोटोवरून सांगता येत नाही. मागचं चाक पॅडलच्या जवळ असलेल्या सायकलींवर ती हमखास लागते. रोज घालता ती चप्पल किंवा बूट पायात असू द्या. आणि दळणाचा डबा नेहमी नेत असाल तर तोही आणा, रिकामा चालेल.