दोन मध्यमांच्या मधला स्वर

1901 च्या अखेरीस योहान हाल्वोर्सेन हे नॉर्वेचे नामवंत व्हायोलिनवादक एका वेगळ्याच कामाला बसले. टेलेमार्क भागातले वयोवृद्ध लोकवादक क्नुट दाले यांच्याकडच्या 17 पारंपरिक धुना त्यांना ऐकून लिहून काढायच्या होत्या. आपल्यामागे या धुना बुडतील, या काळजीपोटी दालेंनी संगीतकार एडवर्ड ग्रीग यांना पत्रं लिहिली होती, आणि ग्रीगनी ते काम हाल्वोर्सेनवर सोपवलं होतं. लिहिता लिहिता हाल्वोर्सेन एका स्वरापाशी अडखळले. डी हा षड्ज धरला, तर मध्यम सारखा चढा लागत होता. शुद्ध मध्यमाच्या जागी जणू तीव्र मध्यम. त्यांनी हे कळवल्यावर ग्रीगनी उत्तर दिलं की या स्वरानं 1871 मध्ये आपल्याला अक्षरशः वेड लावलं होतं. कुठल्याशा जुन्या सप्तकाची ही भुतं असावीत.

या भुताचा माग एका साध्या बासरीत लागतो. वसंतात झाडात रस चढला की विलोच्या फांदीची साल अखंड सुटून येते. त्या नळीची स्कँडिनेव्हियात बासरी करतात. तिला बोटांसाठी भोकं नसतात. फुंकर कमी-जास्त करायची आणि टोक बोटानं उघडायचं किंवा झाकायचं, एवढ्यावरच सगळे स्वर निघतात. म्हणजे निघतात ते मूळ स्वराचे उपस्वर: त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट आंदोलनांचे. तंबोऱ्यात ऐकू येणारा स्वयंभू गंधार हा याच मालिकेतला पाचवा. अकरावा काय करतो ते पाहा. षड्जाची दर सेकंदाला 240 आंदोलनं धरली, तर अकराव्या उपस्वराची 2640 होतात. तीन सप्तकं खाली आणली की 330. आता शुद्ध मध्यम येतो 320 वर आणि तीव्र मध्यम साधारण 337 वर. हा स्वर दोघांच्या जवळजवळ मध्ये पडतो! कागदावर मात्र दोघांपैकी एकच लिहिता येतो.

टेलेमार्कचेच संगीतकार आणि लोकवादक आयविन ग्रोवेन यांनी 1927 मध्ये मांडलं की नॉर्वेच्या लोकसंगीतातले असे अधलेमधले स्वर या बासरीच्या सप्तकातून आले असावेत. हे सगळ्या अभ्यासकांना मान्य नाही. फिडलवरचा (म्हणजे लोकसंगीतातल्या व्हायोलिनवरचा) प्रत्येक चढा मध्यम बासरीतून आला असं मीही म्हणणार नाही, पण कानांना ही सवय कुठून लागली असेल, याचं इतकं पटणारं दुसरं उत्तर माझ्या वाचनात नाही.

ग्रीगनी त्या 17 धुना पियानोसाठी बांधल्या आणि 1903 मध्ये त्या प्रसिद्ध झाल्या. मला त्या फार आवडतात. तरीही पियानोच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये तिसरी पट्टी नसते. मधला स्वर तिथे हरवतोच. स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये, म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो यांच्या मेळात, ही अडचण नाही. या वाद्यांना पडदे नसतात. बोट केसभर सरकवलं की 330 चा स्वर हाती येतो. डॅनिश स्ट्रिंग क्वार्टेटनं 2014 पासून उत्तर युरोपातल्या लोकधुनांचे जे संग्रह काढले, ते ऐकताना या धुना चौकडीला किती साजतात हे लगेच कळतं. या चौघांतला चेलोवादक नॉर्वेचा आहे.

अडचण येते ती आसेची, म्हणजे स्वर मागे रेंगाळत राहण्याची. नॉर्वेच्या हार्डांगर फिडलला गजानं वाजवायच्या चार तारांखाली आणखी चार-पाच तारा असतात, आपल्या सारंगीच्या तरफेसारख्या. त्यांना कुणी हात लावत नाही, त्या अनुनादानं आपोआप बोलतात. शिवाय घोडी सपाटसर असल्यामुळे दोन तारा एकदम वाजवणं सोपं जातं. अशा सर्वांत जुन्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वाद्यावर 1651 हे साल आहे.

क्वार्टेटकडे तरफा नाहीत, पण मोकळ्या तारा आहेत, आणि अनुनाद त्यांनाही होतो. घरात व्हायोलिन असेल तर करून पाहा. सर्वांत जाड, ‘जी’ स्वराच्या तारेवर, तिच्या बरोबर मध्यावर आणि एक चतुर्थांश अंतरावर, कागदाचे दोन छोटे दुमडलेले तुकडे घोड्यावर बसावं तसे बसवा. मग शेजारच्या डी तारेवर तिसऱ्या बोटानं वरचा ‘जी’ सुरात वाजवा. चतुर्थांशावरचा तुकडा उडून पडेल, मधला तसाच बसून राहील. कारण न छेडलेली तार दोन अर्धांत थरथरते आणि तिचा मध्य स्थिर असतो. सूर जरा हलला की दोन्ही तुकडे ढिम्म. म्हणून अशा धुना बांधताना दुसरं व्हायोलिन आणि व्हायोला यांना मोकळ्या तारांवर हलक्या गजानं लांब स्वर धरायला देतात. ग्रीगना हे आधीच उमगलं होतं. 1877-78 मध्ये हार्डांगर भागातच राहून लिहिलेल्या जी मायनर क्वार्टेटमध्ये त्यांनी जोडतारांचा, म्हणजे दोन तारा एकदम वाजवण्याचा, इतका सढळ वापर केला की वाद्यं चारच आहेत हे खरं वाटत नाही.

सर्वांत अवघड मात्र लय. टेलेमार्कच्या टेलेस्प्रिंगार या नाचात आवर्तनाला तीन मात्रा, पण तिन्ही असमान: पहिली लांब, दुसरी मध्यम, तिसरी आखूड. आवर्तनाचे साधारण 39, 33 आणि 28 टक्के. वाल्ड्रेस भागात हाच क्रम आखूड, लांब, मध्यम असा होतो. स्वरलिपीत दोन्हीकडे सारख्याच तीन मात्रा दिसतात. एकटा वादक पायानं ठेका धरून हे सहज निभावतो, आणि नाचणाऱ्यांचं शरीर त्याच मापानं खाली-वर होत असतं. चौघांना एकत्र वाजवायचं असेल तर हे माप चौघांच्याही अंगात मुरलेलं हवं. एकानं जरी मात्रा सारख्या केल्या, तरी धून सपाट होऊन साध्या वॉल्ट्झसारखी वाजते. म्हणून अशी बांधणी ऐकताना धून वाजवणाऱ्या व्हायोलिनऐवजी आधी चेलोकडे कान द्या. बहुतेक वेळा ठेका त्याच्याकडे असतो, आणि तिसरी मात्रा किती लवकर संपते ते तिथे सर्वांत स्पष्ट ऐकू येतं.