== की स्ट्रकम्प? सी भाषेत पत्ता आणि मजकूर यांची गल्लत

समजा, हर्णै बंदरावरच्या मासळी लिलावाची नोंद ठेवणारा छोटासा प्रोग्राम सी भाषेत लिहायचाय. माशाचं नाव टाइप करायचं आणि ते बांगडा असेल तर बांगड्याच्या टोपल्या वाढवायच्या. अट अशी लिहिली: मासा == "बांगडा". प्रोग्राम कंपाइल झाला, चालला, नाव टाइप केलं, स्क्रीनवर बांगडाच दिसतोय, आणि तरी टोपल्या शून्य.

पायथन आधी शिकून आलेल्यांचा इथे हमखास गोंधळ होतो, कारण तिथे == मजकूरच तपासतो. सी++ मधल्या स्ट्रिंग प्रकारातही तसंच. सी भाषेत मात्र स्ट्रिंग नावाचा वेगळा प्रकारच नाही. आहे ती कॅरॅक्टरांची रांग (ॲरे), शेवटी मजकूर संपल्याची खूण म्हणून शून्य बाइट. तुलनेत त्या रांगेचं नाव लिहिलं की सी त्याचा अर्थ घेते पहिल्या बाइटचा पत्ता, म्हणजेच पॉइंटर. त्यामुळे == एवढंच विचारतो की दोन्ही पत्ते एकच आहेत का. दोन बागांत अगदी सारखी हापूसची कलमं असली तरी त्यांचे गट नंबर वेगळेच असणार; == फक्त सातबारा बघतो, बागेत पाऊल टाकत नाही. बागेत जातो तो स्ट्रकम्प (strcmp), म्हणजे मजकूर ताडणारं सी भाषेचं तयार फंक्शन. तो दोन्ही रांगा बाइटमागून बाइट पडताळतो आणि पहिला फरक दिसला किंवा दोन्हीकडे शून्य बाइट आला की थांबतो.

इथवर सरळ आहे. खरी पंचाईत ही की चुकीचा == कधीकधी बरोबर उत्तर देतो.

एका पॉइंटरला "बांगडा" दिलं, दुसऱ्यालाही "बांगडा" दिलं आणि == लावला, तर बहुतेक वेळा उत्तर ‘खरं’ येतं. एकसारखी दोन अक्षरवाक्यं (कोडमध्ये अवतरणात लिहिलेला मजकूर) दिसली तर मेमरीत एकच प्रत ठेवायची मुभा सी भाषेच्या मानकाने कंपायलरला दिली आहे. ठेवलीच पाहिजे असं मात्र म्हटलेलं नाही. त्यामुळे लॅबमध्ये, जिथे दोन्ही नावं कोडमध्येच लिहिलेली असतात, सगळं जुळतं. नाव कीबोर्डवरून आलं की ते आपल्या बफरमध्ये (मजकूर साठवायला राखलेल्या ॲरेत), वेगळ्या पत्त्यावर बसतं आणि जुळणी तुटते. कोड दोन फायलींत विभागला किंवा कंपायलर बदलला तरी तेच होऊ शकतं. माझ्या मते कायम चुकणाऱ्या कोडपेक्षा असा अधूनमधून जुळणारा कोड जास्त घातक, कारण तो तपासणीतून सहज निसटतो. दोन स्वतंत्र ॲरे घेऊन तपासलं तर उत्तर नेहमीच ‘खोटं’, म्हणून चाचणी ॲरेवर घ्यावी.

जीसीसी या कंपायलरला सगळ्या वॉर्निंग दाखवायला सांगितलं तर अक्षरवाक्याशी केलेली अशी तुलना तो दाखवून देतो. दोन्ही बाजूंना पॉइंटरच असतील तर तो गप्प बसतो, आणि ते योग्यच आहे. पत्ते ताडायची गरज खरोखर पडते. पॉइंटर नल, म्हणजे कुठलाच पत्ता नसलेला, आहे का, हे == नेच विचारायचं. स्ट्रकम्पला नल दिला तर काय होईल याची हमी भाषा देत नाही. बहुधा प्रोग्राम जागीच कोसळतो. म्हणून आधी नलची तपासणी, मग स्ट्रकम्प.

स्ट्रकम्प लावला तरी सुटका झाली असं समजू नका. मजकूर सारखा असेल तर तो शून्य देतो, आणि सी भाषेत शून्य म्हणजे ‘खोटं’. नुसतं इफ मध्ये स्ट्रकम्प टाकलं तर बांगडा सोडून बाकी सगळे मासे बांगड्याच्या खात्यात जातील. == 0 लिहायचंच. फरक असेल तर ऋण किंवा धन संख्या येते; ती एक किंवा उणे एकच असेल असं धरू नये.

दुसरी अडचण एफगेट्सची (fgets). हे फंक्शन ओळ वाचताना एंटरची खूणही बफरमध्ये ठेवतं, म्हणून "बांगडा" आणि एंटर चिकटलेला "बांगडा" वेगळे ठरतात. विंडोजवर बनवलेली फाइल लिनक्सवर वाचली तर एंटरच्या आधी आणखी एक न दिसणारा बाइट असतो. शंका आली की मजकूर चौकटी कंसात छापून बघावा: बंद होणारा कंस खालच्या ओळीत गेला, तर चोर सापडला. तुलनेआधी या दोन्ही खुणा काढून टाकायच्या.

मराठीत नावं ठेवणाऱ्यांनी एक गोष्ट आणखी बघावी. यूटीएफ-8 या अक्षरं बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेतं. ‘बांगडा’मध्ये अनुस्वार आणि काने धरून 6 चिन्हं, म्हणजे 18 बाइट आणि वर शेवटचा शून्य. बफर 10 चा ठेवलात तर नाव मावणारच नाही. आणि नोंदीतल्या गावाच्या पत्त्यात ‘पऱ्या’ (ओढा) हा शब्द आला तर? कुणी तो ऱ या स्वतंत्र अक्षराने टाइप करतो, कुणी साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा जोडक वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण स्ट्रलेन (बाइट मोजणारं फंक्शन) एकाला 15 सांगतो, दुसऱ्याला 18. स्ट्रकम्प त्यांना वेगळं म्हणतो आणि त्यात त्याची चूक नाही. त्याला बाइट कळतात, मराठी नाही. म्हणून नोंद साठवतानाच दोन्ही रूपांचं एक रूप करून घ्यायचं, आणि शोधायला टाइप केलेल्या नावावरही तोच संस्कार करायचा.