मानसिक आजारासाठी दिव्यांग प्रमाणपत्र: अर्ज नेमका अडतो कुठे?

‘हे तर चांगले धडधाकट दिसतात की!’ मानसिक आजार 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत आहे, तरी खिडकीवर हे वाक्य अजून ऐकावं लागतं. ऐकून घरी परत जाऊ नका.

अर्ज सोपा आहे. यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या, पोर्टलवर आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा जोडायचा आणि तारीख मिळेल तेव्हा तपासणीला जायचं.

घोडं अडतं ते जुन्या केसपेपरपाशी. पाहुण्यांच्या नजरेस पडू नयेत, बहिणीचं लग्न मोडू नये म्हणून ते कधीच फाडून टाकलेले असतात. आणि आजार किती वर्षांचा, यालाही तपासणीत गुण असतात! मानसिक आरोग्य कायदा, 2017 च्या कलम 25 नुसार स्वतःच्या उपचारांच्या मूलभूत नोंदी मागण्याचा रुग्णाला हक्क आहे. पूर्वीच्या डॉक्टरांकडे लेखी मागणी करा, पोच घ्या.

टक्केवारी ‘आयडियाज’ या मोजपट्टीने ठरते. स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद व समज आणि काम, प्रत्येकी 0 ते 4 गुण. जितका त्रास जास्त तितके गुण जास्त. इथे घरचेच गडबड करतात. ‘आंघोळ स्वतः करतो?’ ‘हो.’ पण चार हाका मारल्यावर, बादली भरून दिल्यावर, तीही आठवड्यातून दोनदा, हे पोटातच राहतं. अहो, तेच सांगायचं असतं. त्या दिवशी मुद्दाम दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून नेऊ नका. 40 टक्क्यांच्या खाली आलात तर प्रमाणपत्र हाती असूनही आरक्षण मिळत नाही.

नकार तोंडी घेऊ नका, कारण लेखी मागा. अपिलाला 90 दिवस मिळतात, ते निर्णयाच्या तारखेपासून. पाकीट घरी आलं त्या दिवसापासून मोजणारे हमखास फसतात. रुग्णाला स्वतः अपील करणं जमत नसेल तर कायदेशीर पालक करू शकतात. प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर त्यावरची मुदतीची तारीख आजच कॅलेंडरवर लिहा. संपल्यावर धावाधाव होते.

प्रमाणपत्र दाखवलं की काही ठिकाणी उलटाच प्रश्न येतो: ‘मग यांची सही कशी चालेल?’ चालते. 2017 च्याच कायद्याचं कलम 3 म्हणतं की सक्षम न्यायालयाने तसं ठरवलं नसेल तर नुसत्या निदानावरून कुणी मनोविकल, म्हणजे स्वतःचे निर्णय घ्यायला असमर्थ, ठरत नाही. तरी ऐकत नसतील आणि प्रश्न सरकारी नोकरीतल्या भेदभावाचा असेल तर त्या कार्यालयात तक्रार निवारण अधिकारी कोण, ते विचारा. तो नेमणं दिव्यांग कायद्याच्या कलम 23 ने बंधनकारक आहे.